गाळलेल्या तीन लिंका

“मॅडम, ‘मले’ नाही, ‘मला’ म्हणा. रेकॉर्डिंग चालू आहे.”

प्रशिक्षण देणारे सर माईकवरून बोलले. सभागृह हसलं. ज्यांच्या घरी रोज मले-तुले चालतं, तेही हसले. मी पडद्याजवळ उभी.

खामगावातलं प्रशिक्षण होतं. लहान वर्गांना इतिहास शिकवायला इंटरनेटवर काय सापडतं, ते मला दाखवायचं होतं. वरवट बकालच्या पुढे माझी दोनशिक्षकी शाळा. सुट्टीभर मी एकटी शोधत बसले होते. जुने नकाशे, नाणी, किल्ल्यात फिरवून आणणारे व्हिडिओ. एकेक आधी स्वतः पाहिलं. जड भाषेचं काढलं. खोटं सांगणारं काढलं, तेच जास्त होतं. उरल्या बारा लिंका. त्यातल्या तीन पाण्याच्या. आमच्या माणसांना पाणवठा कसा बंद होता आणि तो कसा मिळवला, त्याच्या.

सरांनी त्या उघडूच दिल्या नाहीत.

“तुमच्या लोकांचं सगळीकडे तेच असतं.”

मी खाली बसले. जेवताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर यादी आली. संकलन म्हणून सरांचं नाव. खाली नऊ लिंका. अंगठे आले. आमच्या मुख्याध्यापकांचाही आला. सुट्टीत शाळेत बसून शोधताना त्यांनी पाहिलं होतं मला.

मी सरांना फोन लावला.

“सर, तीन लिंका राह्यल्या.”

“राहिल्या नाहीत, गाळल्या. लहान लेकरं आहेत मॅडम. एवढ्या वयात कशाला सांगायचं?”

माय समोर शेंगा सोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

“सर, माही माय सात वर्साची होती, तवा तिले विहिरीवरून हाकललं. तिचं वय कोणी पाह्यलं?”

फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “सरांचा फोन आला होता. काऊन वाकडं घेता मॅडम? पाठ घ्या, घरी जा.”

घरी गेले. मायला म्हटलं, “मोबाईलसमोर सांगशील का, विहिरीवरचं?”

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “पदर नीट करू दे.”

चार मिनिटं बोलली. कळशी विहिरीच्या काठाला लागली म्हणून एका बाईनं ती लाथेनं उडवली. बाकीच्या बाया पाणी शेंदत राहिल्या. सांगताना माय रडली नाही. मी रडले.

बाराही लिंका माझ्या नावानं ग्रुपवर टाकल्या. तेरावी मायची. सगळ्यांनी पाहिल्या. एकही अंगठा आला नाही. शाळेत मुख्याध्यापक आता माझ्याशी कामापुरतंच बोलतात. डबा मी वर्गातच खाते.

चौथीला मायचा व्हिडिओ दाखवला. शेवटच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, “मॅडम, बाकीच्या बाया काऊन नाही बोलल्या?”

त्या सभागृहात मीही बोलले नव्हते.

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रशिक्षण आहे. मी जाणार. या वेळी माईक कोणी दिला नाही, तरी उभी राहणार. माझ्याच बोलीत बोलणार. हसणाऱ्यांनी हसावं. पूर्ण सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.