शेपटी हलली की ब्रेक नाही

ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. तो पुढं रस्त्याकडं बघत असतो अन् किस्से त्याच्या पाठीमागं, ट्रॉलीत घडत असतात. चहाला थांबलं की आपसूक पुढं चालत येतात! आष्टी तालुक्यातून ऊसतोडीची टोळी नगरकडच्या सहकारी कारखान्यावर मी लई वर्षं नेली. त्यातले काही सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण हसण्यासारखे थोडेच आहेत.

आधी एवढं ध्यानात घ्या. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, एकीला एक जोडलेल्या. त्यात ज्वारीची पोती, भांडीकुंडी, पाटा-वरवंटा, शेळ्या, कोंबड्या, अन् त्या सगळ्यावर माणसं. म्हणजे घरच चाकावर बांधून ओढत न्यायचं. त्या घराचं काही बरंवाईट झालं तर नाव ड्रायव्हरचं, म्हणजे ह्या विलासचं.

*

पहिल्याच वर्षी मागची ट्रॉली झोकांड्या खायला लागली. मी घाबरून ब्रेक मारला, तर ती दुप्पट हलायला लागली. बाया ओरडायला लागल्या. कशीबशी गाडी थांबली.

माझे उस्ताद रहीमचाचा शेजारी मडगार्डवर बसले होते. आता शिव्या पडणार असं वाटलं. पण ते खाली उतरले, मागं जाऊन बघून आले. मुक्कामाला आधी लागणारं सामान लोकांनी सगळ्यात शेवटी चढवलं होतं, त्यामुळं पोती पार मागच्या फळीला टेकलेली. शेपटी जड अन् तोंड हलकं.

चाचांनी बिडी पेटवली अन् म्हणाले, "शेपटी हलली की ब्रेक नको मारू बे. रेस सोड, स्टेअरिंग सरळ धर, अन् गप बस."

पुढं मी ड्रायव्हरकीबद्दल पुष्कळ ऐकलं, पण त्यात भर घालावी असं फारसं काही सापडलं नाही.

*

दुसऱ्या वर्षापासून मी नियम केला. जड सामान पुढं अन् तळाला, हलकं मागं.

आता आमच्या टोळीत पुढची जागा म्हणजे मान. तिथं मुकादमाचा संसार लागायचा. माझ्या नियमानं सगळा मान उलटापालटा झाला. ज्याचं पोतं जड, तो पुढं!

टोळीतला नामदेव निघायच्या दिवशी एक पोतं घेऊन आला. दोघांना उचलेना. मी म्हटलं, एवढी ज्वारी पिकली कुठं ह्याची? पोतं सोडून बघितलं तर आत दगड. आपल्या रानातले चांगले निवडून आणलेले.

त्याच्या चेहऱ्यावर ना लाज ना काही. म्हणाला, "जड हाय ना? मग ठिव पुढं."

मुकादम लई भडकला. मी मात्र दगड टाकू दिले नाहीत. त्या वर्षी पुढची जोडणी अशी दबून बसली की ट्रॉली कुठं डुललीच नाही.

*

दोन ट्रॉल्यांच्या मधे एक लोखंडी पिन असते. ती निसटली तर ट्रॉली सुटू नये म्हणून सोबत साखळी लावतात. एकदा निघायच्या वेळी बघतो तर साखळी गायब. शोधता शोधता सापडली मुकादमाच्या शेळीच्या गळ्यात.

मी गाडी चालू करत नाही म्हणालो. मुकादमाला मुहूर्त गाठायची घाई. तो चिडून म्हणाला, "शेळी माझी हाय. ट्रॉली कारखान्याची हाय."

ट्रॉलीत गयामावशी बसली होती. टोळीतली सगळ्यात जुनी बाई, बोलणं कमी. तिनं वरूनच विचारलं, "अन् आत बसलेली माणसं कुणाची रं?"

मुकादमानं स्वतः जाऊन साखळी सोडून आणली. शेळी दोरीनं बांधली.

*

कारखान्यानं एकदा सुरक्षेचा कार्यक्रम घेतला. मंडप, हार, नारळ, सगळं साग्रसंगीत. ट्रॉल्यांना मागून लाल चमकपट्ट्या लावल्या. मग एक साहेब भाषणाला उठले. ट्रॉलीत माणसं बसवणं किती धोक्याचं आहे ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. चुकीचं एक अक्षर बोलले नाहीत.

शेवटी म्हणाले, कुणाला काही शंका?

रहीमचाचा उठून उभे राहिले. तोवर ते पार थकले होते. म्हणाले, "साहेब, मग माणसं कशात आणायची?"

साहेबांनी बाजूच्याकडं बघितलं. बाजूच्यानं चहा मागवला. चहा बरा होता.

*

अन् हा शेवटचा. ते साल दुष्काळाचं. गावात टँकर आला तर पाणी, नाही तर नाही. फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या जागीही, पाण्याचे वांधे असल्याचं कळलं होतं. गयामावशीची सून मंदा ओली बाळंतीण, तान्हं लेकरू कुशीत. मावशीनं टँकरला उभं राहून राहून एक मोठा ड्रम भरला अन् बाळंतिणीसाठी मागच्या ट्रॉलीत, पार टोकाला ठेवला. काढायला सोपा पडावा म्हणून. माझ्या लक्षात आलं, पण त्या वर्षी पाण्याला नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

वाटेत त्यातलं थोडं थोडं पाणी गेलं. ड्रम अर्ध्यावर आला अन् पाणी हेंदकाळायला लागलं. सपाट रस्त्यावरच शेपटी हलायला लागली. पुढं घाट होता. घाटमाथ्यावर मी गाडी बाजूला घेतली अन् बंद केली.

पोती पुढं सरकवली. पण ड्रम पुढं ठेवला तरी पाणी हलायचंच. मुकादम म्हणाला, हळूहळू उतरू. मी नाही म्हणालो.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "सांडू?"

मी मान डोलावली. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

ती बराच वेळ ड्रमवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं सगळ्यांना खाली बोलावलं अन् तांब्या हातात घेतला. "प्या. पोटातलं पाणी हेंदकाळत न्हाई."

सगळे प्यायले. पोटाला तडस लागेपर्यंत प्यायले. शेळ्या प्यायल्या. मला तिनं दोनदा पाजलं. इतकं पाणी एका वेळी आम्ही कैक महिन्यांत प्यायलो नव्हतो.

उरलं, त्यात मंदानं रस्त्याच्या कडेला बसून लेकराला आंघोळ घातली. पायांवर घेऊन, हात न आखडता. येणारे जाणारे गाड्या हळू करून बघत होते. मुकादमानं डोक्याचा पटका सोडून लेकराला पुसायला दिला.

मग खालचा गियर टाकून घाट उतरलो. पायथ्याला गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं अन् बघायला मागं धावलो.

मावशी लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"थांबू नको इलास. आत्ता कुठं झोपलंय. चाल."