दुसऱ्याच्या नावावरची पत

प्रेसने कामावरच्या मावशीची दोन बोटं खाल्ली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दिवसाच्या निम्म्या बिजागऱ्या पाडून झाल्या होत्या. मावशीने पायडलवरचा पाय उचलला, ठोका पडून गेला, तिने नेहमीसारखा हात घालून बिजागरीचं पान बाहेर काढायला घेतलं आणि यंत्राने कुणी न सांगता दुसरा ठोका घातला. आवाज रोजचाच झाला. त्यामुळे पलीकडे पिना बसवत असलेल्या वहिनीने मानही वर केली नाही. मावशीच म्हणाली, अगदी हळू आवाजात, "वहिनी, माझं काहीतरी आत राहिलं."

वहिनीने पट्टा सोडवला, मावशीचा हात स्वतःच्या पदरात गुंडाळला आणि रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. परत येऊन तिने डायवर, पत्रा कापणाऱ्या साच्यावर, लाकडाचा भुसा टाकला, फडक्याने पुसलं, पुन्हा भुसा टाकला. मग दाराशी जाऊन उलटी केली.

तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे. अनोळखी माणसं बिजागरीवाली वहिनी म्हणत. बुटकी, खांद्यांनी रुंद, डावं मनगट किंचित वाकडं बसलेलं. घराच्या पुढच्या खोलीत प्रेस, मागच्या खोलीत ती आणि सासू. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर म्हणायची, "दार कुरकुरत असेल तर दाराला विचारा, माझी बिजागरी तोंड उघडत नाही." खोटं नव्हतं ते.

प्रेस जुना झाला होता. त्याचा क्लच झिजला होता आणि मिस्त्रीने सांगून टाकलं होतं, की आता हा दुरुस्तीच्या पलीकडे गेला. वहिनीने ठरवलं, की नवा येईपर्यंत त्यावर आपल्याशिवाय कुणी बसायचं नाही. दोन दिवस ती स्वतः बसली. तिसऱ्या दिवशी ठोक्याने तिच्या अंगठ्याचं नख उडवलं. अंगठा जरा पुढे असता तर पेर गेलं असतं. तिने अंगठ्याला चिंधी बांधली, साडी बदलली आणि बँकेत गेली.

जाताना तिला काळजी नव्हती. पाच वर्षं, साठ हप्ते, एकही पाच तारखेच्या पुढे गेलेला नाही. ताप असताना भरलेत, बाप गेला त्या दिवशीही भरलाय.

कर्जाचे साहेब तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी पडद्यावर खातं उघडलं आणि भुवया वर केल्या.

"खातं सुंदर आहे हो. असं आम्हाला बघायला मिळत नाही."

"मग द्या की."

"देतो ना. यांना आज देतो. हे आले नाहीत?"

"हे कोण?"

"तुमचे मिस्टर. खातं त्यांचं आहे."

"साहेब, हप्ते मी भरलेत."

"पावत्यांवर नाव त्यांचं आहे."

"पैसे माझे होते."

"बाई, पैशावर कुणाचं नाव नसतं. पत नावाची असते. तुमच्या नावावर आमच्याकडे काहीच नाही. वाईट नाही, चांगलंही नाही. तुम्ही कुणीच नाही." मग ते ओशाळले. "म्हणजे, संगणकात. त्यांना घेऊन या, एका सहीचं काम आहे. फार सरळ गृहस्थ दिसतात."

वहिनी हसली. इतकी मोठ्याने, की दारावरचा रखवालदार आत डोकावला.

हे सरळ गृहस्थ आठ वर्षांपूर्वी घरातून गेले होते. प्रेससाठी कर्ज त्यानेच काढलं, आणि हात त्याचा चांगला होता, हे वहिनीही कबूल करी. चार महिने त्याने मन लावून काम केलं. मारायचा तो आधीपासूनच. रागाने लाल होऊन मारणारी माणसं असतात, तसा तो नव्हता. तो आधी मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचा, काच वरच्या बाजूला करून. घड्याळ फळीवर गेलं की वहिनी चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवायची, म्हणजे निदान अन्न सांडू नये. सासू आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करायची. शेवटच्या वेळी त्याने तिचा हात प्रेसच्या कडेवर धरला आणि वरून गुडघा दाबला. मनगट मोडल्याचा आवाज रेडिओच्या आवाजातूनही ऐकू आला, असं सासूनेच पुढे सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या दोन हप्त्यांचे पैसे घेऊन तो गेला.

प्रेस बंद पडल्याचं कळून बँकेची माणसं पाच तारखेच्या आधीच चौकशीला आली. वहिनीने मोडका हात गळ्यात अडकवून त्यांना पाणी दिलं आणि पाच तारखेपर्यंतचे आठ दिवस मागून घेतले. नवरा पळाला असं सांगितलं असतं तर दोन बायकांच्या भरवशावर यंत्र कोण ठेवणार? म्हणून तो आजारी आहे, असं सांगितलं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, पावतीवर खातेदाराचंच नाव लिहा, उगीच घोळ नको. तिने लिहिलं. वर्षाच्या शेवटी कर्जाचा कागद पुन्हा सही करून द्यावा लागे. तो कागद वहिनी घरी आणे आणि नवऱ्याची सही बिजागऱ्यांच्या खोक्यावर आधी गिरवून पाही. सासू समोर बसून मास्तरणीसारखी चूक काढायची.

"शेपटी तो वर नेतो. तू खाली नेतेस."

"नेतात कशीही. वाचतं कोण?"

कुणी वाचलं नाही. मधे बँकेने सगळ्यांचे सह्यांचे नमुने नव्याने घेतले, तेव्हा ते कार्डही वहिनीनेच भरलं. शेपटी खाली.

बँकेने नाही म्हटलं ते तिने सासूला सांगितलं, तेव्हा सासू तांदूळ निवडत होती. ताटावरची नजर न काढता म्हणाली, "मला ठाऊक आहे तो कुठे आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

वहिनी उठून पुढच्या खोलीत गेली, प्रेस सुरू केला आणि संध्याकाळपर्यंत ठोके घालत राहिली. प्रत्येक ठोक्यानंतर हात मागे ओढून मनात पाच अंक म्हणायची, मग पान काढायची. तिसऱ्यांदा दुसरा ठोका पडला तेव्हा हात वीतभर लांब होता. तिने यंत्र बंद केलं.

"बोलवा त्याला. एक सही करायची आणि जायचं," ती म्हणाली. "काय घेईल ते घेऊ दे."

"भीक नको पण कुत्रं आवर, असं व्हायचं गं."

"तुमचंच आहे ना कुत्रं? तुम्ही आवरा."

तो दोन दिवसांनी आला. केस काळे केलेले, शर्ट इस्त्रीचा, घड्याळ तेच. खोलीभर फिरून त्याने सगळं न्याहाळलं, आयत्या बिळावर नागोबाने बघावं तसं. सहीच्या बदल्यात कर्जाचा चौथा हिस्सा, असं ठरलं.

बँकेतले साहेब खुर्चीतून उठले. "या, या. तुमच्यासारखी माणसं फार थोडी. साठच्या साठ हप्ते वेळेवर."

"वेळेचं मला लहानपणापासून वेडच आहे," तो म्हणाला.

वहिनी फरशा बघत उभी राहिली.

त्याने सही केली. साहेबांनी ती कार्डाशेजारी धरली. "पुन्हा करा बरं." त्याने केली. "आणखी एकदा, सावकाश." तिसरीही झाली. तिन्हींची शेपटी वर.

"माफ करा, ही तुमची सही नाही," साहेब म्हणाले.

"माझी नाही तर काय माझ्या बापाची आहे?"

"नमुन्याशी जुळत नाही. कागदांवर सगळीकडे ही दुसरी आहे." त्यांनी कार्ड त्याच्याकडे फिरवलं.

तो कार्डाकडे बघत राहिला. मग वहिनीकडे बघितलं. मग त्याने घड्याळ काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं, काच वर करून. साहेबांना वाटलं, आता हा निवांत बसून बोलणार. वहिनीने डोळे मिटून घेतले.

पहिला फटका कानावर बसला. दुसऱ्याने तिचं डोकं खिडकीच्या काचेवर गेलं आणि काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. ती खाली पडल्यावर त्याने बरगड्यांत लाथ घातली, एक, दोन, अगदी मोजून. रांगेतल्या माणसांनी रांग न सोडता जागा करून दिली. रखवालदाराने मागून मिठी मारली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सोड. झालं माझं." आणि घड्याळ बांधून निघून गेला.

साहेब टेबलामागून धावत आले. त्यांनी तिला पाण्याचा पेला दिला, त्यातलं निम्मं पाणी अर्जावर सांडलं.

"कार्डावरची सही कुणाची, बाई?"

"माझी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग अर्ज उचलला आणि त्याचे चार तुकडे केले. "असा अर्ज आलाच नाही, असं मी धरतो. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि ते तुम्हाला झेपणार नाही. कर्ज मात्र नाही. तुम्हाला नाही, त्यांनाही नाही."

"हप्ते तर खरे होते ना, साहेब?"

साहेबांनी अर्जाचे तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. माणूस वाईट नव्हता.

संध्याकाळी नवरा घरी आला. प्रेसचे कागद कपाटात असत, ते त्याने सासूकडूनच काढवून घेतले.

"यंत्र माझ्या नावावर. फिटलेलं. उद्या सकाळी गिऱ्हाईक आणतो."

"ते न्याल तर आम्ही खायचं काय?" वहिनी दारात आडवी उभी राहिली. त्याने केसांना धरून तिला बाजूला केलं आणि तोंड प्रेसच्या टेबलावर आपटलं. ओठ फुटला. दुसऱ्यांदा आपटायला त्याने मान मागे ओढली, तेव्हा सासू मधे आली. रेडिओ तिने लावला नव्हता. "पुरे झालं रे, मेल्या," म्हणाली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने माशी झटकावी तशी तिला झटकली. म्हातारी दाराच्या चौकटीवर जाऊन पडली आणि तिच्या पांढऱ्या केसांतून लाल धार खाली आली.

वहिनीच्या हाताला टेबलावरची कापलेली पत्र्याची पट्टी लागली. तिने ती फिरवली. तळहात तिचाही फाटला, पण पट्टी त्याच्या गालात कानापासून हनुवटीपर्यंत गेली. तो ओरडला नाही. गालावर हात ठेवून बोटांमधून येणारं रक्त बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

"बाहेर हो," ती म्हणाली. "तू बाहेर हो."

लग्न झाल्यापासून तिने त्याला अहो-जाहोच केलं होतं. गालापेक्षा त्याला तेच जास्त लागलं की काय कोण जाणे. "सकाळी येतो," एवढंच म्हणून तो गेला.

वहिनी डोक्याला पट्टी बांधत होती तेव्हा म्हातारीने विचारलं, "टाके घालून घेईल का गं तो?"

"घेईल. हलू नका."

उजाडता उजाडता वहिनी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे घण मागायला गेली. तिचा सुजलेला चेहरा पाहून तो जरा थबकला.

"काय फोडायचंय, वहिनी?"

"घरातलंच आहे."

"माणूस नाही ना?"

"त्याला कशाला एवढा मोठा लागतो?"

प्रेस बिडाचा होता. बीड वाकत नाही, तुटतं, हे तिला माहीत होतं. पहिले चार घाव चाकावर नुसते वाजले आणि तिची फुटकी बरगडी आतून पेटली. पाचव्या घावाला चाकाचा एक आरा गेला. मग ती थांबलीच नाही. आरे तुटले, चाक निखळून फरशी फोडत भिंतीला लागलं, मग तिने यंत्राच्या मानेवर घाव घालायला घेतले, जिथून तो ठोका खाली येई तिथे. तळहाताची जखम उकलून घणाचा दांडा ओला झाला. तिने दांडा पदराने पुसला आणि पुन्हा उचलला. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती. प्रत्येक घावाला तिचे खांदे उडत. मान तुटली तेव्हा सगळं घर हादरलं आणि फळीवरचे डबे खाली आले.

तो आला तेव्हा तुकडेच उरले होते. त्याच्या गालावर जाड पट्टी होती आणि मागे हातगाडी घेऊन जुन्या यंत्रांचा व्यापारी.

"वेड लागलं का तुला?" तो पुढे सरसावला.

तिने घण खांद्यावर घेतला. "ये."

तो घणाकडे पाहत राहिला. मग तिच्या हातांकडे. उंबऱ्यावर टाकलेलं पाऊल त्याने मागे घेतलं.

व्यापारी मात्र आत येऊन उकिडवा बसला आणि किल्लीने तुकडे वाजवून पाहू लागला. "मी चालू यंत्र घ्यायला आलो होतो. आता मोडीचा भाव."

"द्या," वहिनी म्हणाली.

"पैसे माझ्या हातात द्यायचे," तो बाहेरून म्हणाला. "कागद माझ्याकडे आहेत."

व्यापाऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. "कागद यंत्राचे असतील. यंत्र कुठाय? तीस वर्षं या धंद्यात आहे, दादा. घण ज्याच्या हातात, त्याच्याशी मी भाव करतो." त्याने पैसे मोजून टेबलावर ठेवले. "गाडीत चढवायला एक माणूस लागेल. हमाली देईन."

 नवऱ्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि पहिला तुकडा उचलला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत वहिनी घण धरून दारात उभी होती. मग घण परत करून ती तशीच, तिच्या बिजागऱ्या घेणाऱ्या दरवाजेवाल्या कारखानदाराकडे गेली. त्या पैशांत आणि साठवलेल्यात हाताने दांडा फिरवायचा जुना प्रेस येणार होता. तो तुम्ही ओढल्याशिवाय खाली येत नाही.

"हातप्रेसवर?" कारखानदाराने तिच्या ओठाकडे पाहायचं टाळलं. "किती होतील दिवसाला?"

"सहाशे."

"मला तीन हजार लागतात, वहिनी."

"ठाऊक आहे. सहाशे माझ्याकडून घ्या, बाकीच्या दुसरीकडून."

त्याने मान खाजवली. "भाव तोच?"

"तोच कसा? आता हाताने पाडायच्यात," वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.