शिक्का ऐकू येत नाही

आमचे पेटीमास्तर चालायचे असे, की जणू गाडी सुटून राहिली आहे. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी जिन्यावर ते पुढं आणि मी डोळस बाई धापा टाकत मागं. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसून काय करू? कामं उभी हायत."

मी तेव्हा शाळेची संगणकबाई. प्रशिक्षण तीन दिवसांचं, तोरा जन्माचा. शाळेचं संकेतस्थळ मीच सजवलं होतं. फुलं फिरायची, अक्षरं लुकलुकायची. नातीला दाखवलं तर आठवडाभर हसेल. प्रत्येक सूचना मी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासकट स्कॅन करून चढवायची. गोल शिक्का नसला तर आमच्याकडं कागदाला कुणी कागद मानत नाही.

मास्तर हेडफोन लावून संकेतस्थळ ऐकत. संगणकातला हिंदी वळणाचा आवाज टाइप केलेलं तेवढं वाचून दाखवी. एकदा त्यांनी हेडफोन माझ्याच कानाला लावले. "चित्र. चित्र. चित्र."

"पण शिक्का किती स्पष्ट आलाय," मी म्हणाले.

"बाई, शिक्का ऐकू येत न्हाई."

मी ते हसण्यावारी नेलं. एवढी मी शहाणी.

गोदी ही त्यांची तांड्यावरची विद्यार्थिनी, तीही दृष्टिहीन. आमच्याच शाळेतून सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावी करायची आणि कनेरगाव नाक्यावरच्या संगणक केंद्रात जाऊन आमच्या सूचना ऐकायची. परीक्षेत तिची उत्तरं लिहायला लेखनिक हवा होता. त्याच्या अर्जाची सूचना मी शिक्क्यासकट चढवली. तिला ऐकू आलं, चित्र. मुदत गेली. पोरीचं वर्ष गेलं.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "टाइप करा. मी हितंच हाय." मग रोजच यायला लागले. माझी फुलं काढायला लावली. फोटोंत काय दिसतं तेही लिहायला लावलं. स्नेहसंमेलनाच्या फोटोला मी 'आनंदी विद्यार्थी' असं लिहिलं, तर म्हणाले, "किती जण? काय करून राहिले? बराबर लिवा. आनंदी हायत का न्हाई ते आमचं आमी ठरवू."

त्या उन्हाळ्यात मास्तर निवृत्त होऊन आपल्या गावी, डोंगरकड्याला गेले. पुढं लेखनिकाची सूचना आली, ती मी टाइप करून, बिनशिक्क्याची चढवली. मुख्याध्यापक कुरकुरले. तिसऱ्या दिवशी गोदीचा अर्ज आला आणि मी मास्तरांना फोन लावून सांगितलं.

"तिला सूचना वाचून कुणी दाखवली?"

"कुणीच नाही, मास्तर. केंद्रात बसून तिनं स्वतःच ऐकली."