गच्चीवर फिरवलेला चष्मा

मुलीचा नंबर वर्षभरात दोनवरून तीनच्या पुढे गेला, तेव्हा वसईतल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "मोबाईल, टॅब मिळून दिवसाला किती वेळ होतो?"

"तासभर," मी म्हणालो. "सुटीत फार तर दीड."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती सकाळी सातला कामाला मुंबईला जाते, यायला आठ वाजतात. घरून काम करतो तो मी. लेक नऊ वर्षांची. तिची शाळा दीडला सुटते आणि माझ्या मीटिंगा दोनला सुरू होतात. तिच्या हातात टॅब दिला की घर शांत होतं. किती तास, ते मी कधी मोजलं नव्हतं, कारण मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

नंबर वाढू नये म्हणून कडेला बारीक वर्तुळं असलेल्या काचांचा चष्मा तिला आधीच दिला होता. झोपताना सौम्य थेंबही चालू होते. "एवढं करूनही नंबर पळतोय, म्हणजे कारण शोधायला हवं," असं म्हणत बाईंनी खणातून करंगळीच्या पेराएवढं एक यंत्र काढलं आणि लेकीच्या चष्म्याच्या काडीला बसवलं. ती काय बघते ते डोळ्यांपासून किती अंतरावर आहे, किती वेळ, आणि ती बाहेरच्या उजेडात किती असते, हे सगळं त्यात नोंदलं जाणार होतं. आठवडाभर.

"बरं झालं," बायको म्हणाली.

नाताळची सुटी लागली होती. बायकोचं माहेर जवळच वटार गावात, वाडीत चिकू, केळी, अबोलीचे वाफे. दुपारी लेकीला तिकडे नेऊन सोडायचं असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी दोनची मीटिंग लांबली. लेकीने टॅब घेतला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि टॅब नाकाशी धरला. एवढ्या जवळचं तिला चष्म्याशिवाय लख्ख दिसतं.

"चष्मा का काढलास?"

"मग त्यात येणार नाही ना, बाबा."

तिथेच मी तिला थांबवायला हवं होतं. मी हसलो. हुशार आहे पोर, असंही मनात आलं.

पण नुसता टेबलावर पडलेला चष्मा वापरात नव्हता हे त्या यंत्राला कळणार, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी तो शर्टाच्या बटणात अडकवला, कानाला हेडफोन लावले आणि इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारत मीटिंग केली. भरपूर ऊन होतं, नजरेसमोर लांबवर नायगावकडच्या नव्या इमारती. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नंतर नंतर तर दोन वाजले की लेक स्वतःच चष्मा माझ्या हातात आणून द्यायची. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या मिरच्या उलटताना विचारलं, "चष्मा लागला का हो तुम्हाला?" मी म्हणालो, "हो."

आठवड्याने मी आणि लेक दवाखान्यात गेलो. बाईंनी यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. "कमाल आहे. रोज दोन-अडीच तास ऊन! जवळचं बघणं फारच कमी." मग त्या लेकीकडे वळल्या. "रोज बाहेर खेळतेस, बाळा?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

"हो," ती म्हणाली.

बाईंचा चेहरा गंभीर झाला. सवयी इतक्या चांगल्या असून नंबर वाढतोय, म्हणजे हे थेंब पुरत नाहीत, असं त्यांना वाटलं. त्यांनी जास्त ताकदीचे थेंब लिहून दिले. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आलो.

नव्या थेंबांनी तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला तिला सोबत घेतलं, तर फाटकाबाहेर पडताच तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. "बाबा, ऊन टोचतंय." डोळे तसेच झाकून ती माझ्या अंगाला चिकटून चालत होती.

तिला घरी सोडून मी सरळ दवाखान्यात गेलो. आत शिरल्यावर उभ्यानेच सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे यंत्र तुम्हाला पकडायला नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मी ते बघून औषध ठरवते. आता खरे तास सांगा."

"पाच," मी म्हणालो. "कधी सहा."

त्यांनी थेंब पुन्हा सौम्य केले आणि यंत्र पुन्हा आठवड्यासाठी दिलं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. गच्चीचं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली?"

"हो."

ती उठून आत गेली. दोन दिवस आमचं कामापुरतंच बोलणं झालं.

लेकीलाही सांगितलं की मी डॉक्टरांना सगळं खरं सांगून आलोय. ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ घासत राहिली. मग म्हणाली, "मी खोटं बोलले, ते पण सांगितलं?"

"तू नाही, मी खोटं बोललो."

"पण हो तर मीच म्हटलं."



ऑफिसात सांगून मी दुपारच्या मीटिंगा चारनंतर घेतल्या. आता दोन वाजता आम्ही वटारला जातो. पुढच्या वेळी यंत्राने जे दाखवलं ते फार चांगलं नव्हतं, पण ते तिचं होतं. सहा महिन्यांनी नंबर पावाने वाढला. बाई म्हणाल्या, आधीपेक्षा वेग कमी आहे, बघत राहू. मग सवयीने त्यांनी विचारलं, "टॅब किती वेळ?"

मी तोंड उघडण्याआधीच लेक म्हणाली, "मी सांगते."