मयताच्या दारापाशी अल्विना

अल्विना प्राउटी माझी भावजय. मला ती कधी आवडली नाही आणि मीही तिला नाही, हे आधीच सांगून टाकते.

वर्मोंटच्या आमच्या डोंगरात ते जुनं शेतघर आमच्या पणजोबांनी बांधलं. जन्मले मी तिथे, आणि राहते रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या घरात, कारण घर माझ्या भावाला, मर्टनला, मिळालं आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोला. तिच्या धुराड्यावर माझं लक्ष, माझ्या दिव्यावर तिचं. चर्चच्या जेवणात ती माझ्या घेवड्याला कोरडा म्हणायची, मी तिच्या ॲपल-पायला पुठ्ठा म्हणायचे. उभा जन्म असाच गेला.

बाई कामाला वाघीण होती, हे मात्र कबूल करावं लागतं. मर्टन अंथरुणाला खिळला तेव्हा सगळ्या गाई तिने एकटीने पिळल्या. गाई विकल्या, जमीन विकली नाही. ऐंशी उलटल्यावरही सरपण स्वतः फोडायची. गोड शब्द मात्र तिच्या तोंडून ना नवऱ्याने ऐकला, ना पोराने.

मग हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता कायमची चाकाची खुर्ची. तिचा मुलगा रॉइस बॉस्टनहून आला आणि त्याने सरळ सांगितलं, "आई, घर तुझ्याजोगं करून घेऊ. नाही जमलं तर गावातला वृद्धाश्रम."

"त्या खुराड्यात टाकलंस तर आठवड्यात मरेन," अल्विना म्हणाली, "आणि मुद्दाम मरेन."

काम रॉइसच्या बायकोने, कोर्टनीने, अंगावर घेतलं. पुढच्या खोलीत पलंग आला, कोठीची न्हाणी झाली, भिंतीभिंतीला धरायचे दांडे लागले. अडलं ते दारापाशी. घर जुनं म्हणून सरकारदरबारी नोंदलेलं, दर्शनी बाजूला हात लावायची परवानगी नाही. स्वयंपाकघराच्या दाराखाली दगडी पायऱ्या आणि त्यांच्याखाली कातळ. तेव्हा खुर्चीसाठीचा लाकडी उतार त्यांनी पूर्वेच्या दाराला लावला.

मी चिखल तुडवत रस्ता ओलांडला.

"कोर्टनी, हे दार नको."

"का? बाहेर एकही पायरी नाही. कुणीतरी बांधायला विसरलेलं दिसतंय."

"विसरलं नाही. हे मयताचं दार. पूर्वी घोडागाडी मागून लावायची आणि शवपेटी सरळ तिच्यात सरकवायची. जिवंत माणूस या दाराने येत-जात नाही."

ती हसली. "युनिस, तुम्ही लोक ना, फार गोड आहात."

मला कुणी गोड म्हटलेलं खपत नाही. मी परत फिरले.

एप्रिलमध्ये अल्विनाला घरी आणलं. रॉइसने खुर्ची उताराच्या तोंडाशी नेली. तिने वर पाहिलं आणि दोन्ही चाकं हातांनी आवळून धरली.

"या दाराने मी जाणार नाही."

"आई, नुसतं दार आहे."

"याच दाराने तुझा बाप गेला. पेटीचं एक टोक तुझ्याच खांद्यावर होतं."

कोर्टनी रडकुंडीला आली. रॉइसचं डोकं फिरलं. "मग वृद्धाश्रम. गाडी चालूच आहे. तिसरं काही माझ्यापाशी नाही."

अल्विना पांढरीफटक पडली. त्या बाईला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. ती हरायची तर माझ्याशी हरावी, असल्या पोरासोरांशी नाही.

"अल्विना," मी उताराखालून ओरडले, "या दाराने आजवर माणसं फक्त बाहेर गेलीत. आत कुणी आलेलं नाही. आत यायला कसली आलीय मनाई?"

ती माझ्याकडे रोखून पाहत राहिली. "तुला कुणी विचारलं?" असं म्हणून तिने चाकं सोडली.

अशी ती आत गेली. पण आत गेली ती गेलीच. चर्च नाही, दाताचा डॉक्टर नाही, शेजारी जाणं नाही. खुर्चीला बाहेर पडायला दार तेच एक, आणि त्यातून जिवंतपणी बाहेर पडायचं नाही. मी रोज डबा न्यायचे. ती रोज नावं ठेवायची आणि चाटूनपुसून खायची.

नोव्हेंबरात रॉइस पुन्हा आला. आई एकटी राहते हे बरोबर नाही, वृद्धाश्रमात जागा झाली आहे, असं त्याने आणि कोर्टनीने परस्पर ठरवलेलं. मी पोचले तेव्हा गाडी उतारापाशी उभी होती, अल्विनाची बॅग तिच्यात ठेवून झाली होती. आतून तिचा आवाज येत होता.

"रॉइस, मी सांगतेय, नको. मी हात जोडते."

खिडकीतून दिसलं, तिने खरंच हात जोडले. अल्विनाने. 

दार उघडलं. उंबऱ्याशी खुर्ची, तिच्यामागे रॉइस. मी उताराच्या खालच्या टोकाशी बाजूला सरकून उभी राहिले आणि लोकरीची टोपी काढून छातीशी धरली. पेटी निघते तेव्हा आमच्याकडे शेजारी असेच उभे राहतात. बारीक बर्फ पडत होता, तो डोक्यावर पडू दिला.

"आत्या, हा काय तमाशा?" रॉइस म्हणाला.

"तू आण तिला बाहेर. माझं चालू दे."

"टोपी घाल."

"हे दार उघडलंय ना? मग मला रीत कळते. तुझ्या बापासाठीही इथेच उभी होते."

कोर्टनी मागून म्हणाली, "रॉइस, वेळ होतोय." तो हलला नाही. त्याचे हात खुर्चीच्या मुठींवर होते आणि नजर माझ्या उघड्या डोक्यावर. मग त्याची हनुवटी लहानपणी रडू यायच्या आधी हलायची तशी हलायला लागली. त्याने खुर्ची मागे ओढली, वळवली, आणि पलंगापाशी नेऊन उभी केली.

बॅग गाडीतून मीच काढून आणली. मीही त्याच दाराने आत शिरले; आत यायला मनाई नव्हतीच. अल्विना डोळे पुसत होती आणि पुसत नसल्याचं दाखवत होती.

"टोपी घाल, युनिस," ती म्हणाली. "निमोनियाने मेलीस तर डबा कोण आणणार?"