गावंडे सर आणि मी कापलेला एक गुण

श्रीधरराव गावंडे सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती आणीबाणी उठली त्या सुमारास, रामदासपेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात. मी तेव्हा दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करत असे आणि संध्याकाळी तायक्वांदोचा वर्ग चालवत असे. ही विद्या मी नोकरीच्या प्रशिक्षणाला बंगलोरला गेलो असताना शिकून आलो होतो, आणि नागपुरात ती शिकवणारा त्या वेळी मी एकटा होतो. त्यांच्या साठीनिमित्त सत्कार ठरवून हा ग्रंथ काढणाऱ्या गौरव समितीच्या पत्रात सरांचा उल्लेख ‘नागपुरातील तायक्वांदोचे आद्य शिक्षक’ असा आहे. समितीने एकदा मला विचारलं असतं तर काही बिघडलं नसतं. असो.

तर त्या संध्याकाळी खाकी अर्धी चड्डी घातलेले एक पोक्त गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. सदरमधल्या एका शाळेत ते ड्रिल मास्तर होते. मूळचे काटोलकडच्या शेतकरी घरातले. माझ्या दोन मुलांची लढत चालू होती. एकाचा ठोसा दुसऱ्याच्या नाकापाशी बोटभर अंतरावर येऊन थांबला. मी गुण दिला. दारातून आवाज आला, “मारला काहून नाही जी त्यानं?”

मी समजावून सांगितलं. आमच्या पद्धतीत चेहऱ्यावर ठोसा चालतो, पण तो थोपवायचा. हलका स्पर्श झाला तर गुण मिळतो, जोरात लागला तर गुण कापला जातो. मारता येतं हे दाखवलं की झालं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्याकडे बैलाले चाबूक नुसता दाखवला तं तो चारा मागते.” मुलं खदखदून हसली. मला राग आला होता, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ शेवटच्या रांगेत, आठवी-नववीच्या पोरांशेजारी, पांढरा पट्टा बांधून उभे होते. पन्नाशीला टेकलेला माणूस! दोन महिने त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ते हैदराबादला एका शिबिराला गेले आणि परत आले ते दुसरीच पद्धत घेऊन. या पद्धतीत छातीला गार्ड बांधायचं आणि लाथ पूर्ण ताकदीने घालायची. समोरचा जागचा हलला नाही तर पंच गुणाकडे बघतही नाहीत. चेहऱ्याला लाथ चालते, हात मात्र लावायचा नाही; म्हणून त्यांचे खेळाडू हात खाली सोडून बेडकासारखे उड्या मारत असतात. आम्ही त्यांना ‘बिनहाताचे’ म्हणायचो, ते आम्हाला ‘बिनमाराचे’.

सरांनी सदरला वर्ग काढला, आणि वर्षभरात माझ्याकडच्या दोन रांगांची एक झाली. बाहेरची गार्डं परवडण्यासारखी नव्हती, तर सरांनी सीताबर्डीतल्या एका गादीवाल्याला हाताशी धरलं. ताडपत्रीत कापूस ठासून, टाके घालून त्याच्याकडून गार्डं शिवून घेतली. पहिलं गार्ड स्वतःच्या छातीला बांधून ते पोरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “घाला लाथा!” पोरांनी आठवडाभर घातल्या. कापूस कुठे सरकतो, टाका कुठे उसवतो हे अंगावर झेलून त्यांनी शोधून काढलं. माझ्या डोक्यात असलं काही कधी आलं नसतं. आलं असतं तरी मी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीला बांधलं असतं.

समितीने लेखकांना सरांच्या स्वभावाविषयीही लिहायला सांगितलं आहे. लिहितो. मला कावीळ झाली आणि मी महिनाभर दवाखान्यात पडलो, तेव्हा माझा वर्ग कोणी चालवला? गावंडे सरांनी. सदरचा वर्ग आटोपून सायकलवर रामदासपेठेत यायचे. मी पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं, संपला आपला वर्ग, आता सगळे गार्ड बांधून नाचणार. बरा होऊन गेलो आणि डोळ्यांत तेल घालून मुलांच्या लढती पाहिल्या. एकाचाही हात खाली नव्हता. प्रत्येक ठोसा थोपवलेला. स्वतःच्या पद्धतीचा एक कण त्यांनी माझ्या वर्गात सांडू दिला नव्हता. दुसऱ्या कुणाला भरून आलं असतं. मी मात्र घरी येऊन बायकोवर चिडलो. ती म्हणाली, “माणसानं तुमचा वर्ग राखला आणि तुम्ही त्याच्याच नावानं खडे फोडता?” तिचं खरं होतं. मी जळत होतो. गौरवग्रंथात हा शब्द शोभत नाही, पण दुसरा मला सापडत नाही.

त्या जळण्याचं मोठं कारण वंदना डाखोळे. सातवीपासून माझ्याकडे होती. तिच्यासारखी लाथ मी पुन्हा पाहिली नाही. पण तिला थांबणं जमायचं नाही. प्रत्येक लढतीत जोर जास्त व्हायचा, प्रत्येक वेळी मी गुण कापायचो, आणि ती मान खाली घालून उभी राहायची. एक दिवस म्हणाली, “सर, मले थांबताच येत नाही हो. मी गावंडे सरांकडे जाऊ काय?” मी म्हटलं, “जा.” ती रडली. मीही, पण ती गेल्यावर.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी सीताबर्डीच्या एका सभागृहात झाली, सरांच्या पद्धतीची. पंच पुरेनात म्हणून मलाही बोलावलं होतं. त्याआधी नियमांचं दोन दिवसांचं शिबिर झालं, त्याच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो. म्हणजे नियम मला तोंडपाठ होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

वंदनाच्या अखेरच्या लढतीत मधला पंच मी होतो. शेवटच्या फेरीत ती गर्रकन वळली आणि तिची लाथ समोरच्या मुलीच्या गार्डवर अशी बसली की ती मुलगी मटकन खालीच बसली. चोख लाथ. त्यांच्या पद्धतीत याहून चोख काही नसतं. मी लढत थांबवली, वंदनाकडे बोट केलं आणि जास्त जोर लावल्याबद्दल तिचा एक गुण कापला. त्या एका गुणाने ती हरली. राज्य स्पर्धेला दुसरी मुलगी गेली.

सभागृहात गोंधळ उडाला. हा कुठला नियम म्हणून लोक माझ्या अंगावर आले. तेव्हा गावंडे सर उठून मध्ये आले आणि म्हणाले, “अरे, जुनी सवय हाये त्यांची! त्यांच्यात जोरात लागलं का गुण कापतेत. हात आपोआप वर गेला.” लोक हसले, शांत झाले. ‘पाध्ये सरांची सवय’ हा पुढे गावभर विनोद झाला. मीही तो हसत हसत सांगत आलो.

ती सवय नव्हती. मी पूर्ण शुद्धीवर होतो. माझ्या हातची पोरगी दुसऱ्याच्या नावाने जिंकणार, हे मला बघवलं नाही.

या ग्रंथासाठी मी आधी एक गुळगुळीत लेख लिहिला होता. तो दाखवायला गेल्या महिन्यात सरांकडे गेलो. ते ओसरीवर उसवलेलं गार्ड शिवत बसले होते. लेख पिशवीतून बाहेर निघालाच नाही. मी म्हटलं, “सर, त्या दिवशी माझी सवय नव्हती.”

“मले माहीत हाये,” ते म्हणाले. सुई चालूच होती.

“केव्हापासून?”

“तेव्हाचपासून. बोट वर कराच्या आधी तुम्ही माह्या खुर्चीकडे पाह्यलं होतं. सवयीनं हात उचलणारा माणूस कोच कुठं बसला हे कशाले पाहील जी?”

मला बसवेना. “मग तक्रार काहून नाही केली?” माझ्याही तोंडून ‘काहून’च निघालं.

सरांनी दोरा दातांनी तोडला. “अर्ज लिहिला होता मी. नियमानं खेळाडूची सही लागते. वंदनानं केली नाही. म्हणे, पहिली लाथ मले पाध्ये सरांनी शिकवली, त्यांची पंचगिरी माह्या सहीनं जाऊ नये. लय समजावलं. ऐकते कुठं पोरगी! मंग म्हटलं, हिनं एवढं सोडलं तं आपण दोन शब्द खोटं बोलाले काय जाते?”

इतकी वर्षं मी सरांच्या मोठेपणावर जळत होतो. तो मोठेपणा अर्धा त्या पोरीचा होता, जिला मी माझी म्हणत होतो. मी तिथेच ओसरीवर बसून रडलो. सरांनी चहा मागवला आणि दुसरं गार्ड शिवायला घेतलं.

वंदना आता एका शाळेत मुलींना तायक्वांदो शिकवते. सत्काराला ती येणार आहे आणि हा ग्रंथ तिच्याही हातात पडेल. तोंडाने सांगायचं धैर्य माझ्यात नाही, म्हणून छापून सांगतो आहे.

गावंडे सरांनी साठी ओलांडली. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच तिखट राहो, आणि आणखी चाळीस वर्षं त्यांनी पोरांना लाथ कशी घालायची ते शिकवावं. मी जळत राहीन, त्यांनी मनावर घेऊ नये. आणि वंदना, ती लढत तू जिंकली होतीस.