रविवारची तब्येत

लग्न होऊन इगतपुरीला गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. स्टेशनामागे दोन खोल्यांची जागा, आणि घरात सासूबाई धरून तीन माणसं. इगतपुरीचा पाऊस चार महिने उसंत देत नाही. लुगडी चुलीवर दोरी बांधून वाळवायची, मग दिवसभर अंगाला धुराचा वास. भिंतीला हात टेकला तर तळवा ओला व्हायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी भाकरी थापायला बसले आणि उजव्या हाताची बोटं सरळच होईनात. सासूबाई म्हणाल्या, "गार पाण्यात फार वेळ राहिले असतील हात." आठ दिवसांनी डावा हात धरला, मग मनगटं, मग गुडघे. दिवाळीपर्यंत पाटावरून उठायला मला भिंतीचा आधार लागू लागला.

रेल्वेच्या डॉक्टरांनी सांध्यांचा वात म्हणून सांगितलं. "बरं होईल ना?" यांनी विचारलं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "हे जात नाही. सांभाळावं लागतं. आणि या ओलीत तर त्यांना ठेवूच नका."

म्हणून मी नाशकात आले. तांबट आळीच्या अंगाला माझी एक लांबची मावशी राहत होती. तिच्या घराची मागची खोली रिकामी होती, दार वेगळं, बोळात उघडणारं. मावशीचं घर मुलाबाळांनी भरलेलं. दोन वेळचं ताट आणि पाण्याची कळशी माझ्याकडे येई. "काही लागलं तर हाक मार हो," असं ती रोज म्हणायची आणि म्हणता म्हणता वळलेली असायची. तिचा दोष नव्हता, तिच्यामागे दहा माणसांचा रगाडा होता. "पाऊस सरला की घेऊन जातो," असं सांगून हे परत गेले. पाऊस सरला आणि थंडी आली. थंडीत दुखणं आणखी वाढलं. त्यानंतर परत जाण्याचं कोणी काढलं नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मला त्यातल्या सकाळी जास्त आठवतात. उजाडलं की आळीत तांबटांचे ठोके सुरू व्हायचे, तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे. मी त्याच्या आधीच जागी असायची. रात्रभर मिटलेली बोटं उघडायची नाहीत. आधी पायाची बोटं हलवायची, मग घोटे, मग गुडघा थोडा वाकवून बघायचा. अंथरुणावर उठून बसायला पाऊण तास लागायचा. तांब्या उचलवत नसे, म्हणून दोन्ही मनगटांत वाटी धरून पाणी प्यायची. सगळ्यात अवघड काम नऊवारीचा काचा मागे खोवण्याचं. तेवढ्यासाठी दोन-दोनदा भिंतीला टेकून दम खावा लागे. पलीकडे मावशीकडे भांड्यांचे आवाज, मुलांची भांडणं, कुणाला तरी शाळेची घाई. अंतर दहा पावलांचं होतं. पण "आज मला काचा खोवता आला" हे सांगायला त्या घरात कोणी नव्हतं, आणि हाक मारून सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हती.

दर रविवारी हे यायचे. सकाळच्या गाडीने नाशिक रोडला उतरून, टांगा करून, अकराच्या सुमारास दारात. संध्याकाळी पाचला निघायचे. यांना मी भेटायची ती अशी अकरानंतरची. केस विंचरलेली, कुंकू लावलेली, हिंडतीफिरती. पण अकराच्या तब्येतीवर माझी भिस्त नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी होती, दर वेळी एक खूण औषध घ्यायचं. कान वाजू लागले तर कमी करा, असं बजावलेलं. मी शनिवारी दुपारपासून दोन दोन खुणा घ्यायची. शुक्रवारी आणि शनिवारी काडी उचलायची नाही. असं दोन दिवस साठवून रविवारी मी यांच्यासाठी स्वतः स्वयंपाक करायची. वरण-भात, एखादी भाजी, कधी शिरा. सहा दिवस मी आजारी होतेच. सातव्या दिवशी मला नुसती यांची बायको व्हायचं होतं.

औषधाने दुखणं दबायचं, पण कान असे घणघणायचे की समोरचं माणूस विहिरीतून बोलतंय असं वाटे. हे मुळात हळू बोलणारे. मी ओठांकडे बघून हसायची, मान डोलवायची. ऑफिसातलं काही, सासूबाईंचं काही, असा अंदाज करायची. यांच्या चेहऱ्यावर कधीकधी काहीतरी उमटून जायचं, ते दिसायचं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. सगळं ठीक दिसतंय ना, एवढ्याकडेच माझं लक्ष.

असाच एक रविवार. टांगा बोळाच्या तोंडाशी उभा होता. उंबऱ्याबाहेर पाय ठेवून हे थांबले आणि काहीतरी विचारलं. निघताना नेहमीचा एकच प्रश्न असे, पुढच्या खेपेला काही आणू का? मीही नेहमीचंच उत्तर दिलं. "नको, काही नको. आहे ते बरंय."

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग गेले.

पुढच्या रविवारी मी अकरापासून दाराशी बसले होते. बाराला वरण पुन्हा गरम केलं. दोनला मावशीने डोकावून विचारलं, "आले नाहीत का गं? ड्युटी लागली असेल." त्याच्या पुढच्या रविवारीही ड्युटीच लागली असेल असं मी धरून चालले. पत्र आलं नाही. तिसऱ्या रविवारी मी दोन खुणांचं औषध घेतलंच नाही. कशासाठी घ्यायचं?

त्या दिवसांत उजव्या हातातली शेवटची बांगडीही वाढली. सवाष्णीचा हात मोकळा कसा ठेवायचा म्हणून मावशीने आळीत फिरणाऱ्या मणेरणीला माझ्याकडे पाठवलं. ती पन्नाशीची मुसलमान बाई, डोक्यावर बांगड्यांची टोपली. सगळी आळी तिला चाची म्हणायची. आली ती सकाळी आठ वाजता. माझा हात हातात घेतला, सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

"आत्ता नाही भरायच्या."

"दुखलं तरी चालेल चाची. भरा."

"मला नाही चालणार. तीस वर्षं बायकांचे हात धरतेय मी, कुठला हात काय म्हणतो ते कळतं मला. दुपारी येते."

दुपारी दोनला ती खरंच आली. तेलाचा हात लावून, मऊ फडकं गुंडाळून, एकेक सांधा गप्पा मारत मारत पार करून तिने सहा बांगड्या चढवल्या. मला दुखलं, पण ओरडण्याइतकं नाही. "बघ," ती म्हणाली, "सकाळचा हात आणि हा हात एका बाईचा वाटत नाही. तू सकाळीच सगळं करायला का बघतेस? सकाळवालीला निजू दे. काय काम घ्यायचं ते या दुपारवालीकडून घे."

इतक्या दिवसांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझं मलाही सुचलं नव्हतं. लोक सकाळी उठतात, आंघोळ करतात, कामाला लागतात, म्हणून मीही रोज सकाळशी झुंजत होते. दुसऱ्या दिवसापासून मी उजाडताना उठायचं सोडलं. आंघोळ दुपारी एकला. मावशी आधी नाक मुरडून म्हणाली, "पारोशी जेवतेस?" नंतर तिलाही सवय झाली.

त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळचे सात वाजले असतील, बोळाकडच्या दारावर थाप पडली.

"मी आहे," यांचा आवाज. औषध कमी झाल्यामुळे तो मला स्वच्छ ऐकू आला.

मी अंथरुणात होते. केस सुटलेले, बोटं मिटलेली. "थांबा," म्हटलं, "येते." दार अंथरुणापासून चार हातांवर होतं. मी कुशीवर वळले, कोपरावर जोर दिला, पुन्हा पडले. तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ दाबले होते, तरी निघालाच. "काय झालं?" बाहेरून यांनी विचारलं. "काही नाही. थांबा." मग मी उठायचा नाद सोडला आणि बसल्या बसल्या सरकत निघाले. कडीपर्यंत हात नेला, पण बोटांत ती धरवेना. शेवटी मनगटाने वर ढकलली. या सगळ्याला किती वेळ लागला कोण जाणे. दार उघडलं तेव्हा मी जमिनीवर बसलेली होते आणि हे उभे.

हे उंबऱ्यावर खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"किती दिवस असं आहे?"

"रोजच असतं सकाळी."

"रविवारी?"

"रविवारीही. तुम्ही यायच्या आत आवरते."

मग हे म्हणाले, "मी विचारलं होतं तुला. वरच्या अंगाला एक क्वार्टर रिकामं होत होतं. पक्क्या भिंतींचं, कोरडं. अर्ज करू का, येशील का, म्हणून विचारलं. तू म्हणालीस नको, आहे ते बरंय."

मला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि हसू आलं की रडू हे आता सांगता येणार नाही. "मला ऐकूच आलं नव्हतं हो. मला वाटलं, काही आणू का म्हणून विचारताय." मग दोन खुणांचं औषध, घणघणणारे कान, सगळं सांगितलं. हे ऐकत होते. सासूबाई तिकडे म्हणत होत्या की ती तर चांगली हिंडतेफिरते, शिरा करते, तिलाच यायचं नाही; आणि यांनाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं. तिथे बसून यांनी तेही सांगून टाकलं. लपवलं नाही, याचं मला बरं वाटलं.

"आणि क्वार्टर?"

"दुसऱ्याला गेलं. मग राहवलं नाही, पहाटेच्या गाडीने निघून आलो."

क्वार्टर मिळालं असतं तरी इगतपुरीची हवा मला मानवली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते गेलं याचं वाईट वाटत राहिलं. यांनी त्या दिवशी स्टोव्ह पेटवून चहा केला. कडू झाला होता. वाटी माझ्या मनगटांत नीट बसेपर्यंत यांनी हात काढला नाही.

त्यानंतर रविवार बदलले. मी एकच खूण औषध घ्यायची आणि यांचं बोलणं ऐकायची. स्वयंपाकाला हे बसायचे, मी लांबून सांगायची. पिठल्यात गाठी व्हायच्या. हे पहिल्यापेक्षा जास्त यायचे असं नाही. उलट महिन्यातून एखादी खेप चुकायचीच, बदलीचा अर्ज केला होता त्यावरही वर्षानुवर्षं उत्तर नव्हतं. उरलेले सहा दिवस होते तसेच लांब होते. खरं बोलल्याने एकटेपण जातं असं लोक म्हणतात. माझं गेलं नाही. एवढंच झालं की रविवारीही एकटं असायचं ते थांबलं.

दुपारच्या वेळेचं काय करायचं, हा प्रश्न पुन्हा चाचीनेच सोडवला. तिच्या सुनेला वाचायला शिकायचं होतं. मी मराठी सातवी झालेली. पण पाटीवरची पेन्सिल माझ्या बोटांत धरवत नव्हती. तर चाचीने एक परात आणली, तीत गंगेवरची, म्हणजे गोदावरीच्या काठची, बारीक वाळू पसरली. वाळूत अक्षर काढायला काही धरावं लागत नाही. मी बोटाच्या पेराने 'ग' काढायची, सून त्यावरून गिरवायची, परात हलवली की पाटी कोरी. महिन्याभराने मावशीची धाकटी जाऊ येऊन बसली, मग दोन तांबटिणी. दोन ते चार. चारला त्या आपापल्या घरी चुलीला लागायच्या, आणि खोलीत परात राहायची आणि मी. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजायचेत हे माहीत असलं की सकाळ वेगळी जाते. कमी दुखतं असं नव्हे, तरी वेगळी जाते.

यांची नाशिक रोडला बदली झाली तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीसची होते. सासूबाई तोवर गेल्या होत्या. स्टेशनाजवळ बिऱ्हाड केलं. चार बायकांपैकी दोघी तिकडेही आठवड्यातून एकदा टांग्याने यायच्या.

पहिल्याच सकाळी हे माझ्या आधी उठून अंथरुणाशी येऊन बसले. इतकी वर्षं चुकलेल्या सगळ्या सकाळींची भरपाई यांना त्या एका दिवशी करायची होती. हात ओढून उठवायला लागले तेव्हा मी ओरडले. "ओढू नका. सांधे आपोआप सुटतात."

"मग मी काय करू?"

"काही नको. बोलत बसा."

यांना बोलण्याचं अंग नव्हतं. शेवटी, पार्सलांवर नावं लिहून लिहून जे तोंडपाठ होतं ते सुरू केलं. "ओढा. खेरवाडी. कसबे सुकेणे. निफाड. उगाव. लासलगाव..." प्रत्येक स्टेशनाला थांबत, कुठून कांदा चढतो, कुठून द्राक्षाच्या पेट्या येतात, कुठला मास्तर चिडका, असं सांगत. मनमाड आलं तरी माझी मूठ मिटलेलीच होती. हे माझ्या हाताकडे बघत होते. तिथे नेमकं काय होतंय ते यांना कधीच कळणार नव्हतं, आणि मी कितीही सांगितलं तरी सांगून होणार नव्हतं. ते माझं मलाच काढायचं होतं.

"पुढे काय लागतं?" मी विचारलं.

"पुढे नांदगाव," हे म्हणाले, आणि पुढची स्टेशनं सांगू लागले.